ट्रॅव्हल ट्रेलरमधील फ्रिज गॅसवर चालवावा, विजेवर की बॅटरीवर?

जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरमधील (गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरातील) फ्रिजला प्रोपेन गॅस, १२० व्होल्ट वीज आणि १२ व्होल्ट बॅटरी असे तीन पर्याय असताना जुलैमधील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीत कोणता केव्हा वापरावा, असे आपण विचारले आहे. आम्ही अमेरिकेत अशाच फ्रिजचा ट्रेलर घेऊन हिंडतो आणि माझे मत स्पष्ट आहे: मुक्कामी विजेची जोडणी असेल तर वीज, नसेल तर गॅस; बॅटरी मात्र केवळ गाडी धावत असताना.

याचे कारण फ्रिजच्या रचनेत आहे. या फ्रिजमध्ये घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांमध्ये बंदिस्त असतात आणि मागील बॉयलरला उष्णता मिळाली की अमोनिया पाण्यापासून सुटा होऊन थंडाव्याचे चक्र सुरू होते. म्हणजे त्याला मुळात उष्णता हवी असते, आणि बॅटरीतून उष्णता काढणे फार महागात पडते. बॉयलर तापवणारी १२ व्होल्टची कॉइल साधारण १० ते १५ अँपिअर खेचते. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही असे धरले, तर ती तीन ते पाच तासांत संपते. ओढणाऱ्या गाडीकडून सात पिनांच्या जोडणीतून येणारा प्रवाहही बेताचाच असतो, त्यामुळे प्रवासात फ्रिज नव्याने गार होत नाही, असलेला गारवा फार तर टिकतो. म्हणून तो आदल्या दिवशीच घरच्या विजेवर पूर्ण गार करावा, दही, भाज्या, डोशाचे पीठ आधीच थंड करून आत ठेवावे आणि जेवायला थांबल्यावर १२ व्होल्टचे बटण आठवणीने बंद करावे.

यलोस्टोनच्या आतील कॅम्पग्राउंडपैकी (तंबू-ट्रेलरच्या मुक्कामाच्या जागांपैकी) विजेची जोडणी फक्त फिशिंग ब्रिज येथे मिळते, इतरत्र गॅसच. २० पौंडांचा सिलिंडर एकट्या फ्रिजला आठवडाभर सहज पुरतो. मात्र यलोस्टोन सरोवराचा परिसर ७,७०० फुटांहून उंच आहे आणि तिथल्या विरळ हवेत ज्योत मंदावते, कधी विझतेही. निघण्यापूर्वी बर्नर साफ करून ज्योत निळी व स्थिर आहे ना, हे पाहून घ्यावे. बऱ्याच फ्रिजमध्ये गॅसवर असतानाही नियंत्रणाच्या सर्किटला थोडी बॅटरी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

ट्रेलर समपातळीत उभा करणे याहून महत्त्वाचे. या यंत्रणेत पंप नसल्याने द्रव गुरुत्वाकर्षणानेच परततो. ट्रेलर कलता राहिला तर बॉयलर अतितप्त होतो, गंजरोधक क्षार नळीत साठून ती कायमची बुजते, आणि मग फ्रिजचा कूलिंग युनिटच बदलावा लागतो.

धावत्या गाडीत गॅस चालू ठेवणारे बरेच आहेत. मी ते टाळतो. पेट्रोल पंपावर उघडी ज्योत हा सरळ धोका आहे, आणि दार वारंवार उघडले नाही तर फ्रिज बंद असूनही अन्न काही तास चांगले राहते.

पुढे कधी फ्रिज बदलणार असाल, तर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याला दिवसाला साधारण ३० ते ६० अँपिअर-तास पुरतात आणि थोड्या उताराचा त्याला त्रास होत नाही. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि छतावर २०० वॅटचे सोलर पॅनेल एवढ्यावर उन्हाळ्यात तो चालतो; फक्त मुक्कामाची जागा पाइनच्या दाट सावलीत घेऊ नये.