गोगलगायींच्या पाठीवरचं नेलपॉलिश

प्रश्न : मुलीने दोनदा नीट दिली. दुसऱ्या वर्षी लातूरला ठेवून क्लास लावले, तरी एमबीबीएसला नंबर लागला नाही. आता तिसऱ्यांदा बसायला तयार नाही, म्हणते जंगलातली जनावरं मोजायचं शिकणार. गणित नीटला लागत नाही म्हणून आम्ही तिला अकरावीलाच सोडायला लावलं होतं. आमचं कृषी सेवा केंद्र आहे, सोयाबीन आहे. गोगलगायींनी कोवळं पीक खाल्लं, आणि ही रात्री बॅटरी घेऊन त्यांच्या पाठीला नेलपॉलिश लावत बसते! शनिवारी 60 रंगवल्या, सोमवारी 50 धरल्या, त्यात 12 रंगवलेल्या निघाल्या, आणि वहीत लिहिलं 250. शंभरसुद्धा डोळ्यांनी पाहिल्या नाहीत. असल्या अंदाजपंचे कारभाराला शिक्षण म्हणायचं का? तिच्या डोक्यातलं खूळ काढा, आणि तिसऱ्या वेळी लातूरच ठेवावं की कोटाला पाठवावं, तेही सांगा.
– एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र लांब होतं, जागेअभावी कापावं लागलं. कापलेल्या भागात बहुतेक नातेवाईकच होते. साडूचा मुलगा एमबीबीएसला, चुलतभावाची मुलगी बीएएमएसला, आणि दिवाळीला सगळे जमले की तुमची होणारी कुचंबणा. मुलगी स्वतः काय म्हणते, त्याला तुम्ही जेमतेम एक वाक्य दिलंत. मला काळजी वाटली ती इथे.

कुचंबणा खरी आहे, नाकारत नाही. पण नातेवाइकांना सांगायला काहीतरी हवं म्हणून मुलीचं तिसरं वर्ष खर्ची घालायचं, हा व्यवहार मला पटत नाही. दोन वर्षं तिने तुमचं ऐकलं. सकाळी क्लास, दुपारपासून अभ्यासिका, रविवारी टेस्ट, आणि टेस्टचे गुण रात्री पालकांच्या मोबाइलवर. एवढं सोसून ती आता तोंडावर 'नाही' म्हणते आहे. तिला पुन्हा दामटून बसवलंत तर गुण वाढतीलच असं नाही, घरातलं बोलणं मात्र बंद होईल. त्याहून वाईटही होऊ शकतं, कोटाच्या बातम्या तुम्हीही वाचता. तेव्हा लातूर की कोटा, याचं माझं उत्तर : दोन्ही नको. आणि खूळ काढायचं काम मी करणार नाही, कारण मला ते खूळ वाटतच नाही.

आता त्या 250 कडे येऊ. तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. तुम्हाला वाटतं, मोजणं म्हणजे एकेकाला बघून आकडा लिहिणं. मोंढ्यात तुमचं सोयाबीन अख्खं पोतं ओतून कोणी तपासत नाही. थोडं काढतात, ओलावा बघतात, भाव ठरतो. तिने तेच केलं, फक्त जास्त हुशारीने. 60 गोगलगायी रंगवून सोडल्या, दोन दिवस बाकीच्यांत मिसळू दिल्या. दुसऱ्या खेपेला 50 मध्ये 12 रंगीत, म्हणजे शेकडा 24. मग शेतात एकूण ज्या आहेत त्यांतही रंगीत साधारण शेकडा 24 च असणार. रंगीत आहेत 60, म्हणून एकूण 250. डेन्मार्कचा मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांना खुणा केल्या, अमेरिकेच्या फ्रेडरिक लिंकनने 1930 मध्ये पायात वळी घातलेल्या बदकांवरून हाच हिशेब मांडला. दोघांच्या नावाने हे सूत्र आजही शिकवतात. आपल्याकडे 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो आले, त्यांत वाघांचे 76,651. वाघाला नेलपॉलिश लावावं लागत नाही, अंगावरचे पट्टेच त्याची खूण. डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. त्या फोटोंतून 2,461 वेगवेगळे वाघ ओळखता आले. देशाचा जाहीर झालेला आकडा होता 2,967. उरलेले कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते, ते हिशेबातून आले. तुमची मुलगी अंदाजपंचे असेल तर ही गणनाही तशीच म्हणावी लागेल.

आणि 'खरं' मोजायला गेल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. पूर्वी वाघाच्या पंज्याचे ठसे काचेवर गिरवून घ्यायचे, आणि प्रत्येक ठसा कोणत्या वाघाचा हे ओळखता येतं असं धरून चालायचे. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ सुखाने नांदत होते; 2005 मध्ये उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. कॅमेरे आणि खुणेचं हेच तत्त्व वापरून कर्नाटकातल्या नागरहोळे जंगलातल्या वाघांचा अंदाज वाघांचे अभ्यासक उल्लास कारंत यांनी 1995 मध्येच प्रसिद्ध केला होता. हे गृहस्थ मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, मधली काही वर्षं त्यांनी शेतीही केली.

तिच्या आकड्यावर शंका घ्यायचीच असेल तर नेमकी घ्या. शनिवार ते सोमवारच्या मध्ये तुमच्या मजुरांनी गोगलगायी वेचल्या का? गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या का? गोळ्यांनी रंगीत आणि बिनरंगी सारख्याच प्रमाणात मेल्या असतील, तर 250 हा आकडा शनिवारच्या रात्रीचा म्हणून चालेल. पण लाल नेलपॉलिश चटकन दिसतं. मजुरांनी त्याच आधी उचलल्या असतील, तर सोमवारी रंगीत कमी सापडणार आणि आकडा उगाच फुगणार. पावसाने रंग गेला तरी तेच. हे तिला विचारा. उत्तर देताना ती गप्प राहून विचार करू लागली, तर तुम्ही तिच्याशी पहिल्यांदा तिच्या विषयावर बोललात असं समजा. आणि हातमोजे घालायला सांगा. या आफ्रिकन गोगलगायींत उंदरांकडून आलेले जंतू असू शकतात, नुसत्या हाताने धरू नयेत.

तिलाही एक कडू गोष्ट सांगायची आहे, ती वाचत असेलच. या कामात जंगल थोडं आणि गणित फार असतं. महिना-दोन महिने गोचिडं आणि जळवा, पुढे कितीतरी महिने कॉम्प्युटरसमोर संख्याशास्त्र. गणित सोडायला लावणं ही वडिलांची चूक, पण भरून तिलाच काढावी लागेल. जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र शिकता येईल असं बीएस्सी शोध. मिळालं नाही तर प्राणिशास्त्र घे आणि अकरावी-बारावीचं गणित आणि 'आर' ही संगणकभाषा घरी शिक. पहिल्या वर्षी हे जमलं नाही किंवा कंटाळा आला, तर मार्ग बदलायला लाजू नकोस.

पुढची वाट नेहमीची आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरुचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथे एमएस्सी होते. दरवर्षी तुकडी निघतेच असं नाही, तेव्हा आधी चौकशी करा. वनसेवेच्या परीक्षा वेगळ्या, आणि तिथे मोजण्यापेक्षा कारभार जास्त.

पैशाचंही सांगतो. बरीच वर्षं प्रकल्पावरचं कंत्राटी काम असतं. एमएस्सीनंतरची नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये, साध्या प्रकल्पात बहुधा त्याहून कमी. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. दवाखान्याची पाटी लावणाऱ्या साडूच्या मुलाशी तुलना करत बसलात, तर ती दरवर्षी हरेल.

बीएस्सीचे प्रवेश कोणासाठी थांबत नाहीत. या आठवड्यात तिला घेऊन कॉलेजात जा, संख्याशास्त्राच्या विभागात तिलाच बोलू द्या. तिसऱ्या वर्षाच्या क्लासची आगाऊ रक्कम भरली असेल तर परत मागून बघा. नाही मिळाली, तर ती पावती पुन्हा घरात काढू नका.