वाचक विचारतात : गतिरोधक मागण्याआधी

प्रश्न : आमच्या मुलांची शाळा गावातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून आहे. जूनमध्ये शाळा सुटताना तिसरीतल्या एका मुलाला मोटारसायकलने उडवले. पाय मोडला, पण पोर वाचले. आता पालकांनी ठरवले आहे, की फाटकासमोर दोन गतिरोधक मागायचे आणि मुलांसाठी वाहतुकीच्या नियमांवर व्याख्यान ठेवायचे. एवढ्याने भागेल का?
– एक आई, मिरज तालुका

उत्तर : ताई, पोर वाचले हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या मागण्या सोडू नका, पण त्याआधी शाळा भरताना आणि सुटताना चार दिवस फाटकापाशी उभ्या राहून रस्ता बघा. नगरपालिकांच्या अभियंत्यांना मी रस्त्यांची सुरक्षितता शिकवते आणि त्यांनाही पहिल्या दिवशी वर्गात बसू देत नाही. नकाशावर न दिसणारे बरेच काही फाटकापाशी दिसते.

आधी वेग मोजा. रस्त्याच्या कडेला टेपने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना चुन्याच्या खुणा करा, रस्त्यात उतरू नका. गाडी पहिल्या खुणेवर आली की एकीने हात खाली करायचा, दुसरीने मोबाइलवर वेळ धरायची. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार लागले तर ४०, आणि ३.६ सेकंदांतच गाडी पार झाली तर ५०. अशा शंभर गाड्या टिपा, कमी वेगापासून जास्तीकडे ओळीने लावा आणि पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग बघा. अभियंते हाच आकडा धरतात. ‘गाड्या फार जोरात जातात हो’ या तक्रारीवर उत्तर मिळेलच असे नाही. हा तक्ता मात्र बाजूला सारणे त्यांना जड जाते.

दुसरी नोंद थोडक्यात टळलेल्या अपघातांची. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाने ही पद्धत शास्त्रशुद्ध बसवली. करकचून ब्रेक लागला, पोर दचकून मागे सरले, सायकल कडेला गेली, की वेळ, जागा आणि गाडीचा प्रकार लिहायचा. खरा अपघात होईपर्यंत वाट बघायची नाही, हे या पद्धतीचे मोल. आणि एक करा. फाटकाजवळ रिक्षा किंवा व्हॅन उभी असेल तर तिच्या मागे, तिसरीतल्या मुलाच्या उंचीएवढ्या वाकून, येणाऱ्या गाड्या दिसतात का ते पाहा. मग चालकाच्या जागेवरून फोटो काढा. व्हॅनच्या पुढे पाऊल टाकेपर्यंत ते मूल चालकाला दिसतच नाही. माझ्या वर्गातले अनुभवी अभियंतेही हे पाहून गप्प होतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या करायला बंदी हवी, हे मग वेगळे पटवून द्यावे लागत नाही. ही बंदी जवळजवळ फुकटात होते, म्हणून ती पहिली मागा.

वेगावर इतका भर का, तेही सांगते. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ची गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५० ची २८ मीटरमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्का वाढला, की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती.

आता गतिरोधक. आपल्याकडे रातोरात डांबराचा उंचवटा टाकतात. त्यावर कंबर मोडते, सायकलवाला पडतो, आणि तो पार केला की मोटारसायकल पुन्हा सुसाट सुटते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमधला गोल उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. शाळेसमोर मी त्याऐवजी उंचावलेला झेब्रा मागेन. सपाट माथ्याचा, फुटपाथच्या पातळीला आणलेला, दोन्हीकडे उतार असलेला. मुले जिथे ओलांडतात नेमकी तिथेच गाडी हळू होते आणि मूल चालकाच्या नजरेत वर येते. पैसे नाहीत असे उत्तर आले, तर रंग आणि प्लॅस्टिकचे कोन लावून महिनाभर प्रयोग करायला सांगा. त्याआधी आणि त्यानंतर वेग तुम्हीच मोजा.

व्याख्यानाबद्दल स्पष्ट बोलते. स्टिना सँडेल्स या स्वीडिश संशोधिकेने १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते, की लहान मुलांना कितीही शिकवले तरी रहदारीत त्यांच्यावर भरवसा टाकता येत नाही. येणाऱ्या गाडीचा वेग ओळखण्याइतकी त्यांची समज तयारच नसते. त्यामुळे मुलांना चार नियम घोकायला लावून आपण मोकळे झालो, असे कोणी समजू नये. रस्ता मुलाच्या कुवतीनुसार बांधायचा. तरीही शिकवण्याचा उपयोग आहे, फक्त ते रस्त्याच्या कडेला शिकवायचे. ग्लासगोच्या ड्रमचॅपल भागात स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘कर्बक्राफ्ट’ नावाचा उपक्रम बसवला. तिथल्याच पालकांना तयार करून, त्यांनी पाच ते सात वर्षांच्या मुलांना दोन-तीनच्या गटाने खऱ्या रस्त्यावर नेले. शिकवायच्या गोष्टी तीनच : ओलांडायची जागा निवडणे, उभ्या गाड्यांमधून ओलांडणे आणि चौकात ओलांडणे. तुमच्या शाळेतल्या आया हे नक्की करू शकतील.

सगळी नोंद अर्जाला जोडून, रस्ता ज्यांच्या ताब्यात असेल त्या कार्यालयाला आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आले आहे. मानकांप्रमाणे रस्ता न बांधल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

प्रश्न : माझे वय ७४. स्टेशनकडे जाताना सिग्नलला हिरवा माणूस दिसला की निघतो, पण निम्म्यावर पोहोचेपर्यंत तो लाल होतो. मी फार हळू चालतो का?
– एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही काका, वेळच कमी ठेवली आहे. सिग्नलची वेळ बसवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटरचा रस्ता त्या हिशेबाने १२ सेकंदांत पार होतो. गुडघे दुखणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो, त्याला साडेसतरा लागतात. रस्त्याची रुंदी आणि हिरव्या माणसाचे सेकंद लिहून वाहतूक शाखेला पत्र द्या. वेळ वाढवून मागा, शिवाय दुभाजकात झेब्र्याच्या रेषेत थांबायला मोकळी जागा मागा. तोवर हिरवा दिवा आधीपासूनच लागलेला असेल, तर निघू नका. पुढच्या खेपेला तो लागताक्षणी निघा.

प्रश्न : पुण्यात रोज सायकलने ऑफिसला जाते. ट्रॅकवर दुचाक्या उभ्या असतात, म्हणून रस्त्यावर यावे लागते. डावीकडे वळणाऱ्या बसची सगळ्यात जास्त भीती वाटते.
– एक सायकलस्वार

उत्तर : ती भीती रास्त आहे. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, आणि त्या आतल्या जागेत नेमकी सायकल असते. सिग्नलला बसच्या डाव्या अंगाला घुसू नका. पूर्ण मागे थांबा किंवा बसच्या बरेच पुढे. आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

शहराचा सर्वंकष सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. ट्रॅक मात्र चौकाच्या तोंडाशीच तुटतो, आणि तिथेच त्याची सर्वांत जास्त गरज असते. महापालिकेला चौकांचीच यादी करून द्या. लंडनच्या पोलिसांनी एक साधा उपक्रम चालवला होता : सायकलस्वारांना उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवायचे आणि तिथून काय दिसत नाही ते पाहू द्यायचे. तुमच्या सायकल गटाने जवळच्या बस डेपोला असे पत्र लिहावे. एक उभी बस, दोन ड्रायव्हर आणि रविवारची सकाळ पुरे. नंतर त्या ड्रायव्हरनाही सायकलवर बसवून त्याच चौकातून घेऊन जा.