पोदेराला मारलेली मिठी

‘टॅबवरच्या अ‍ॅपमध्ये तो एकही उत्तर चुकत नाही, मग रोज सकाळी पोदेराला मिठी का मारतो?’ पोदेर म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणारा. गोव्यातल्या डिचोलीहून आलेल्या एका आईचा हा प्रश्न स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे अनेक पालक वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा अकरा वर्षांचा होता. सायकलचा पों-पों ऐकू आला, की तो धावत फाटकाबाहेर जाई आणि पोदेराच्या कमरेला विळखा घाली. लहान असताना सगळ्यांना त्याचे कौतुक वाटे. आता पोदेर अवघडून जातो आणि शेजारी कुजबुजतात.

कोणाशी किती जवळीक ठेवायची, हे शिकवणारे ते अ‍ॅप मी त्याला माझ्यासमोर सोडवायला दिले. रंगीत वर्तुळांत आई, मित्र, अनोळखी माणूस अशी चित्रे ओढून बसवायची होती. त्यातल्या अनोळखी माणसाला काळा चष्मा होता. पोदेर चष्मा लावत नाही आणि रोज येतो, तेव्हा तो अनोळखी नव्हे. मुलाचा हिशेब त्याच्या परीने चोख होता. एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसरीकडे आपोआप लागू करणे स्वमग्न मुलांना बहुधा अवघड जाते, आणि पडद्यावर मिळणारी शाबासकी नेमकी तीच अडचण झाकून टाकते.

अ‍ॅप बंद करा, असे मी म्हटले नाही. न रागावता तीच गोष्ट शंभरदा दाखवणे पडद्याला जमते, आपल्याला जमत नाही. आम्ही चित्रे मात्र बदलली. पोदेराला विचारून त्याचा फोटो घेतला आणि घरचे फाटक, पावाची पिशवी यांसह पाच स्लाइडची गोष्ट तयार केली. अशा ‘सामाजिक गोष्टीं’ची पद्धत अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी रुजवली. ‘मिठी मारू नकोस’ असे आमच्या गोष्टीत कुठेच नव्हते. ‘मी पिशवी पुढे करतो, पाव घेतो, हात हलवतो’ एवढेच होते. गोष्ट पाहून झाली, की लगेच फाटकावर सराव होई. तीन आठवड्यांनी विळखा बराचसा सुटला. अधूनमधून अजून पडतो.

चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, आई पुन्हा अस्वस्थ होऊन आली. मामांनी मांडीवर ओढताच मुलाने तळहात आडवा धरला होता. ‘उद्धट झाला की काय?’ दुसऱ्याच्या अंगाशी जाऊ नकोस म्हणायचे आणि त्याला कोणी ओढले तर गप्प बस म्हणायचे, हे दोन्ही एकदम चालत नाही, असे मी त्यांना सांगितले. मग मामांचा फोटो मागवला आणि तो कोणत्या वर्तुळात ठेवायचा, हे मुलालाच विचारले. त्याने फोटो हात मिळवण्याच्या वर्तुळात ठेवला. मामांना तसे कळवण्याचे काम मी आईकडे सोपवले.