मुंबई आंदण दिली, नवरीचं काय?

मागच्या अंकात युरोपातल्या राजघराण्यांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा खच पडला. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, कारण निम्म्या मंडळींनी तसं बजावलं आहे. लफडी वाचायला सगळ्यांना हवीत, पण वाचतो म्हणून सांगायला कोणी तयार नाही!

बाई, पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली हे शाळेपासून पाठ आहे. पण त्या नवरीचं पुढे काय झालं?
*— एक वाचक, रेवदंडा*

चौलचा पोर्तुगीज कोट तुमच्या दारातच, म्हणून तुम्हाला हे सुचलं. तिचं नाव कातरीना, ब्रगांझा घराण्यातली. जून १६६१ मध्ये करार झाला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. नवरा दुसरा चार्ल्स. आंदणात मुंबई, आफ्रिकेतलं टँजियर आणि वर वीस लाख क्रुझादो, म्हणजे पोर्तुगीज नाणी, रोख. रोख म्हणायचं एवढंच. तिच्या आईच्या तिजोरीत तेवढं नव्हतंच, म्हणून काही भाग साखर आणि इतर जिनसांच्या रूपात जहाजावर चढवला. वऱ्हाड पोचण्याआधीच कुरबुर सुरू.

मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला लग्न लागलं. राजाची रखेल बार्बरा व्हिलियर्स तेव्हा दिवस भरत आलेली. तरी या गृहस्थानं नव्या राणीच्या खाशा मानकरणींच्या यादीत बार्बराचंच नाव घातलं. कातरीनाला आईनं निघतानाच त्या नावाबद्दल सावध केलं होतं. तिनं ते खोडलं. मग राजानं भर दरबारात बार्बराला हाताला धरून तिच्यासमोर आणलं. ही कोण हे ठाऊक नसल्यानं कातरीनानं हसून हात पुढे केला. ओळख पटली तशी नाकातून रक्ताची धार लागली आणि ती बेशुद्ध पडली. राजाला दया आली का? छे! चारचौघांत आपली शोभा केली म्हणून तो उलट चिडला. तिच्याबरोबर आलेली बहुतेक पोर्तुगीज माणसं परत पाठवली. सासरची भाषा धड येत नाही, बोलायला आपलं माणूस नाही. शेवटी तिनं नमतं घेतलं.

तिला मूल झालं नाही. राजाला इतर बायकांपासून डझनभर मुलं, आणि ती त्यानं उघड मान्य केलेली. घटस्फोट घ्या म्हणून दरबारी टोळकं मागे लागलं होतं, ते मात्र त्यानं ऐकलं नाही. १६७८ मध्ये राणी राजाला विष घालणार असा आळ आला, तेव्हाही तो तिच्या बाजूनं उभा राहिला. माझं मत विचाराल तर माणूस दुष्ट नव्हता, लाज तेवढी नव्हती.

आता आंदणाचा हिशेब. गोव्याच्या विजरईनं, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉयनं, मुंबईचा ताबा द्यायला इतकी टाळाटाळ केली, की ताबा घ्यायला आलेला शिपमन आणि त्याचे बहुतेक सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर रोगराईनं मेले. १६६५ मध्ये मुंबई एकदाची मिळाली, तर राजाला ती परवडेना. १६६८ मध्ये त्यानं ती कंपनीला देऊन टाकली, भाडं वर्षाला १० पौंड. बार्बराला मात्र १६७० मध्ये नॉनसच नावाचा आख्खा राजवाडा! तिनं पुढे तो पाडला आणि दगडविटा विकून जुगाराची देणी भागवली.

चार्ल्स १६८५ मध्ये गेला. काही वर्षांनी कातरीना लिस्बनला परतली, भाऊ पेद्रू आजारी असताना तिनं राज्यकारभारही सांभाळला. ३१ डिसेंबर १७०५ ला वारली. मुंबई तिनं कधी पाहिली नाही.

जाता जाता तिच्या माहेरचंही सांगते. पेद्रूचा थोरला भाऊ अफोंसू राजा होता. लहानपणीच्या आजारानं त्याचं एक अंग लुळं पडलेलं. बायकोनं १६६७ मध्ये मठ गाठला आणि लग्न नावापुरतंच झालं म्हणून ते रद्द मागितलं. चर्चपुढे साक्षीपुरावे झाले, राजाच्या शेजघरातल्या गोष्टी गावभर झाल्या, लग्न रद्द झालं आणि लगोलग तिनं धाकट्या दिराशी, म्हणजे याच पेद्रूशी, लग्न लावलं. अफोंसू सिंत्राच्या राजवाड्यात कैदेत मेला. येरझाऱ्या घालून त्यानं झिजवलेली फरशी तिथे अजून दाखवतात.

पोर्तुगीजांनी एका मेलेल्या राणीला सिंहासनावर बसवून दरबाऱ्यांना तिच्या हाताचं चुंबन घ्यायला लावलं, हे खरं का?
*— एक वाचक, वसई*

नाही. युवराज पेद्रूची प्रेयसी इनेश दि कास्त्रू हिला त्याच्या बापानं ७ जानेवारी १३५५ ला मारवलं, हे खरं. गादीवर आल्यावर पेद्रूनं दोघा मारेकऱ्यांना हालहाल करून मारलं, तेही खरं. प्रेताचा राज्याभिषेक मात्र मागाहून रचलेला. (हा पेद्रू वरच्या पेद्रूच्या तीनशे वर्षं आधीचा. या लोकांकडे नावांचा दुष्काळ.)

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मग स्पेनचे राजेच तेवढे नात्यातल्या लग्नानं कसे बुडाले?
*— एक वाचक, सावंतवाडी*

त्यांनी मामाच्या मुलीवर भागवलं नाही, मामाच भाचीच्या बोहल्यावर चढला. चौथ्या फिलिपनं आपल्या मुलासाठी ठरवलेली मुलगी म्हणजे सख्ख्या बहिणीची लेक, मारियाना. १६४६ मध्ये मुलगा वारला. बापानं काय करावं? १६४९ मध्ये स्वतःच तिच्याशी लग्न केलं! त्यांचा मुलगा दुसरा कार्लोस, जन्म १६६१. आता बोटं मोडून मोजा: कार्लोसची आई नात्यानं त्याची आतेबहीण, आणि आजी त्याची सख्खी आत्या.

हेही एकदाच झालं असतं तर निभावलं असतं कदाचित. पण हाब्सबुर्ग घराण्याच्या स्पेनमधल्या या शाखेत जवळजवळ दोनशे वर्षांत ११ पैकी ९ लग्नं नात्यातली. आईकडून आणि बापाकडून एकाच पूर्वजाचा तोच जनुक मुलाला मिळण्याची शक्यता मोजतात. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलात हा आकडा ०.०६२५ येतो, सख्ख्या बहीणभावांच्या मुलात ०.२५. स्पॅनिश संशोधकांनी २००९ मध्ये कार्लोसचा काढला तो ०.२५४. हनुवटी इतकी पुढे की घास चावता येईना, चालायला उशिरा शिकला, दोन लग्नं करूनही मूल नाही. १७०० मध्ये तो गेला आणि वारसा कोणाचा यावर पुढच्याच वर्षी युरोपभर लढाई पेटली.

याचा अर्थ एका लग्नानं काहीच बिघडत नाही असा काढू नका. घरात आधी नात्यात लग्नं झाली असतील तर पत्रिका बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

ब्रह्मदेशातून आणून इथे नजरकैदेत ठेवलेल्या थिबा राजाच्या थोरल्या मुलीचं आणि दरवानाचं प्रकरण आम्ही आजीकडून ऐकलं. युरोपात असं कधी झालं का?
*— एक वाचक, रत्नागिरी*

झालं, आणि त्यात एका माणसाचा हात आणि मुंडकं गेलं. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बहीण कॅरोलिन मटिल्डा पंधराव्या वर्षी डेन्मार्कच्या सातव्या ख्रिश्चनला दिली. नवरा वेडसर. त्याच्यावर उपचार करायला आलेला डॉक्टर श्ट्रुएन्से राजाचाही लाडका झाला आणि राणीचाही. ती पुरुषी कपडे घालून घोड्यावर टांग टाकून फिरायची, कोपनहेगनला तेवढंच पुरलं. डॉक्टरनं राज्यच हातात घेतलं. आरोपींचा छळ बंद केला, छापखान्यांवरची बंधनं काढली. आणि त्याच मोकळ्या छापखान्यांतून त्याच्यावर चिखलफेकीची पत्रकं निघाली!

जानेवारी १७७२ मध्ये दरबारात मुखवट्यांचा नाच झाला. सगळे दमून झोपल्यावर सावत्र सासूच्या माणसांनी राजाला उठवून अटकेच्या कागदांवर सह्या घेतल्या. एप्रिलमध्ये डॉक्टरचा आधी हात तोडला, मग डोकं. राणीला घटस्फोट देऊन जर्मनीत त्सेले गावी धाडलं. तिथे ती २३ व्या वर्षी तापानं गेली.

तिची मुलगी लुईझ डॉक्टरची, असं सगळा दरबार कुजबुजत होता. पण राजानं ती आपली म्हटली होती, म्हणून ती राजकन्याच राहिली, ड्यूकच्या घरी पडली. तिची पणती जर्मनीची सम्राज्ञी झाली, कैसर विल्हेल्मची बायको. तुमच्या आजीच्या गोष्टीत राजकन्येला दरवानापासून झालेल्या मुलीला तसं आपली म्हणणारं कोणी नव्हतं. थिबा राजाची ती नात रत्नागिरीतच संसार करत, गरिबीत म्हातारी झाली.