दुर्बिणीतून काढलं, मग मुळं राहिली नसतील ना?

"कॅन्सर आणि पोटाला टाकासुद्धा नाही? मुळं आत राहिलीच असणार." एकोणसाठ वर्षांच्या रुग्णाच्या पत्नीचा हा पहिला प्रश्न. अन्ननलिका जठराला मिळते त्या जोडावरचा दीड सेंटिमीटरचा लालसर चट्टा ईएसडीने, म्हणजे दुर्बिणीतून आतलं अस्तर सोलण्याच्या पद्धतीने, काढून दहा दिवस झाले होते. रिपोर्ट पिशवीत होता, पण घरात कुणी उघडला नव्हता.

ईएसडीत चट्ट्याभोवती ठिपके देतात, खाली निळसर द्रव टोचून अस्तर उचलतात आणि विजेच्या सुरीने ते अखंड सोलतात. जोडावर एक मेख असते: कॅन्सर अन्ननलिकेच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तराखालून वर सरकलेला असू शकतो. म्हणून वरच्या बाजूला सुमारे 1 सेंटिमीटर जादा घेतात. तुकडा टाचण्यांनी ताणून बसवतात आणि त्याचे 2-3 मिलिमीटरचे काप तपासतात.

रिपोर्ट तिथेच उघडला. कडा आणि तळ स्वच्छ. अस्तराखालच्या थरात शिरकाव 200 मायक्रॉन, म्हणजे 500 मायक्रॉनच्या (अर्ध्या मिलिमीटरच्या) मर्यादेच्या आत. कॅन्सरच्या पेशी कमी आक्रमक प्रकारच्या, रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्यांत काही नाही. बाईंना ज्या 'मुळां'ची भीती होती त्यांचं उत्तर या ओळींत होतं. यातली एखादी बिघडली असती, तर बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असता, कारण मग कॅन्सर लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) पोचलेला असू शकतो आणि त्या दुर्बिणीतून काढता येत नाहीत.

मग आवाज खाली गेला. "माझ्या हातच्या तिखटाने झालं का?"

नाही. जठराच्या कॅन्सरमागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. 1994 मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवलं गेलं. जोडावर मात्र दोन वाटा येऊन मिळतात. एक या जंतूची, दुसरी वर येणाऱ्या आम्लाची. जपानसारख्या देशात जंतू ओसरतोय, तसं लक्ष दुसऱ्या वाटेकडे वळलंय. या रुग्णाच्या जठरात जंतू नव्हता. हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) होता, पोटाचा घेर होता, सिगारेट होती आणि रात्री साडेदहाला जेवून लगेच आडवं होणं होतं. तिखटाने जळजळ जाणवते, एवढंच.

आम्ल कमी करणारी गोळी आठ आठवडे, नाश्त्याआधी अर्धा तास. महिनाभरात घास अडकू लागला तर कळवायचं; जखम भरताना नळी आकसते, विशेषतः घेराचं तीन-चतुर्थांश अस्तर काढलेलं असेल तर. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना.

"लोहाच्या गोळीनेही काळी होते ना?" होते. पण ती चिकट नसते आणि तिला तसा उग्र वास नसतो. शंका आली तर घरी ठरवत बसायचं नाही.