वाड्याच्या जुन्या सागातून इलेक्ट्रिक गिटार करून घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: बडोद्यातला घरचा जुना वाडा उतरवताना सागाची एक तुळई हाती लागली, तिच्यातून स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या) आकाराची इलेक्ट्रिक गिटार करून घ्यायची आहे, पण मित्र म्हणतात की अल्डर किंवा महोगनी ही परदेशी लाकडं नसतील तर टोन येणारच नाही. मी दांडिया बाजारात राहतो आणि गेली पंधरा-सोळा वर्षं गिटारींची दुरुस्ती करतो. माझं उत्तर सरळ आहे. जरूर करा. आवाजाची काळजी सोडा, वजनाची करा.

आधी आवाजाचं बघू, कारण मित्रांनी तिथेच घाबरवलंय. सूरसागरजवळच्या आपल्या संगीत कॉलेजात (सयाजीरावांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांनी तिथली गायनशाळा सुरू केली) सतार शिकणाऱ्या कुणालाही तबलीबद्दल, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीबद्दल, विचारा. तार घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली हवेला. तबली जराशी जाड राहिली तरी सतार दबून वाजते. तिथे लाकूड हाच गळा आहे, म्हणून कारागीर लाकूड वाजवून वाजवून निवडतात.

इलेक्ट्रिक गिटारीत हा रस्ताच नाही. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्या वेढ्यांत वीज तयार होते. अ‍ॅम्पपर्यंत जाते ती ही वीज. लाकडाला एकच वाव उरतो: ब्रिज (गिटारीची घोडी) आणि नेक (मान) यांमधून तारेची थोडी ताकद शोषून घ्यायची. आता तार काही ग्रॅमची आणि बॉडी पावणेदोन इंच जाड, दोन किलोचा भरीव ठोकळा. तो हलणार तरी किती? जे काही शोषलं जातं ते बहुतेक लांब, सडपातळ नेककडून. फेंडर पद्धतीच्या बऱ्याच गिटारींत तिसऱ्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (पडद्याच्या) आसपास एखादा सूर लवकर मरतो, तो याचमुळे. हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाला, एक जड क्लॅम्प लावून बघा, तो मेलेला सूर जागा बदलतो.

मग अल्डर-महोगनीचं एवढं नाव का झालं? लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकानं १९४०च्या सुमारास चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणून गिटार केली आणि तिच्या दोन्ही बाजूंना गिटारीचे पंख जोडले ते फक्त ती गिटारीसारखी दिसावी म्हणून. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये अ‍ॅश लाकडाची आली. १९५६ पासून बहुतेक अल्डरची व्हायला लागली, कारण अ‍ॅशची उघडी छिद्रं भरत बसावं लागायचं आणि अल्डर रंग पटकन घ्यायचं. तिकडे गिब्सन कंपनीची, त्याच्याच नावाची लेस पॉल गिटार १९५२ पासून महोगनीची, वर मेपलचा थर. पण या दोन गिटारींत लाकडापलीकडे बाकी सगळंच वेगळं आहे. एकीचे पिकअप सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे), दुसरीचे १९५७ पासून हंबकर (दोन वेटोळ्यांचे). एकीत तारेची लांबी साडेपंचवीस इंच, दुसरीत पावणेपंचवीस. एकीला व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखाली २५० किलो-ओहमचे पॉट, दुसरीला सहसा ५०० चे. फरक कानाला इतका स्पष्ट आहे की श्रेय कुणाला तरी द्यायलाच हवं होतं, आणि डोळ्यांना दिसतं ते लाकूड.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच साच्यावरून राउटरनं कापलेल्या दोन बॉड्या होत्या, एक सागाची, एक तुनाची (सतारीच्या लाकडाची). नेक, ब्रिज, पिकगार्डसकट (तारांखालच्या प्लास्टिकच्या पाटीसकट) सगळी वायरिंग एकीवरून काढून दुसरीवर बसवली. दोन्ही वेळा नव्या दहा गेजच्या तारा, आणि तोच ई मायनर कॉर्ड थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला. पहिल्यांदा साग खरंच भरदार वाजला. मी रात्रभर विचार करत होतो की इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं सांगत आलो. सकाळी शेवटचा फ्रेट दाबून स्टीलच्या पट्टीनं अंतर मोजलं. सागावर जाड तार आणि पिकअप यांच्यात दोन मिलिमीटर होते, तुनावर अडीच. अर्धा मिलिमीटर! दोन स्क्रू फिरवून अंतर सारखं केलं आणि पुन्हा रेकॉर्ड केलं. माझी भाची सतार शिकते, तिचा कान माझ्यापेक्षा पक्का आहे. अ‍ॅम्पशिवाय, नुसती हातात वाजवली तेव्हा तिनं डोळे मिटून दोन्ही गिटारी अचूक ओळखल्या. साग ठणठणीत, तून मऊ. रेकॉर्डिंगवर मात्र तिला ओळखता येईना. शेवटी म्हणाली, ‘मामा, एकच क्लिप तर पुन्हा पुन्हा लावत नाहीयेस ना?’

म्हणून टोनवर खर्च करायचा असेल तर पिकअपवर करा, आणि नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) व फ्रेट नीट घासून घ्या.

आता वजन. स्ट्रॅट आकाराच्या बॉडीत साधारण चार लिटर लाकूड असतं, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. एक लिटर वाळलेलं अल्डर सुमारे ४५० ग्रॅम भरतं, महोगनी ५९०, साग ६५०, शिसव ८३०. चारनं गुणा: अल्डरची बॉडी १.८ किलो, सागाची २.६, शिसवीची ३.३. नेक, ट्यूनर, ब्रिज वगैरे मिळून दीड किलोच्या आसपास. म्हणजे तुमची गिटार चार किलोच्या वर जाणार. घरी खुर्चीत बसून वाजवणार असाल तर काहीच अडचण नाही. पण आपल्या गावात गिटार शिकलेला मुलगा एक ना एक दिवस नवरात्रात गरब्याच्या स्टेजवर उभा राहतोच. असाच एक जण पाचव्या रात्रीनंतर माझ्याकडे आला. शर्टाची कॉलर बाजूला केली तर डाव्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उमटलेला आणि बोटांना मुंग्या. गिटार सागाचीच होती, सुंदर पॉलिश केलेली. वजन केलं तर साडेचार किलो भरलं.

त्याच्या गिटारीला केलं तेच तुम्ही आधीच करून घ्या. पिकगार्डखाली जिथे जागा आहे तिथे ४० मिलिमीटर व्यासाची, ३० मिलिमीटर खोल भोकं पाडा. सागात एका भोकामागे सुमारे २५ ग्रॅम कमी होतात, बारा भोकांत ३०० ग्रॅम. ब्रिजखाली, नेकच्या खाचेजवळ आणि पट्ट्याच्या बटणांपाशी मात्र हात लावू नका, तिथे लाकूड भरीवच हवं. पाठीमागे पोटाकडचा उतारही सढळ हातानं घ्या. फार हलकं करायच्या मागेही लागू नका. बॉडी दीड किलोच्या खाली गेली की नेक जमिनीकडे झुकते आणि डावा हात सूर दाबायचं सोडून नेक पेलत बसतो.

सागाच्या कामात दोन गोष्टी सुताराला आठवणीनं सांगा. जुन्या तुळईत खिळ्यांची तुटलेली टोकं असतातच, म्हणून रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा. आणि साग तेलकट असतो. दोन फळ्या जोडायच्या असतील तर जोडाच्या कडा ताज्या रंधून, अ‍ॅसिटोननं पुसून लगेच गोंद लावा. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर तेल पुन्हा वर येतं आणि जोड उकलतो. बाकी जुन्या सागासारखं स्थिर लाकूड शोधून मिळणार नाही. इतकी वर्षं छपराखाली वाळलेली तुळई आपल्या पावसाळ्यात फारशी फुगत नाही, नेकची खाच सैल पडत नाही, ट्यूनिंग टिकतं. लाकडाचा खरा उपयोग मला तरी इथेच दिसतो.

तुळई किडलेली निघाली तर लाकडाच्या लाटीवर (वखारीत) तून मागा. सतारीचं तेच लाकूड, महोगनीच्याच कुळातलं, चार लिटरला दोन किलोच्या आत बसतं. मऊ असल्यामुळे खोचा लवकर पडतात, तेव्हा वर पीयू पॉलिशचा जाड हात द्या. पण तुळई चांगली असेल तर तीच वापरा. घरच्या वाड्याचं लाकूड रोज हातात घेऊन वाजवायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही, आणि त्यासाठी टोनचं कारण शोधायची गरजही नाही.