पैसे नोव्हेंबरात दिले, हीट पंप जानेवारीत सुरू झाला

मॅसॅच्युसेट्समधल्या एका वाचकाने तेलावरचा बॉयलर काढून हीट पंप (विजेवर घर गरम करणारी यंत्रणा) बसवला. पैसे नोव्हेंबर 2025 मध्येच दिले, बाहेरचं युनिट 22 डिसेंबरला बसलं, पंप सुरू झाला 9 जानेवारीला. फेडरल टॅक्स क्रेडिटचे 2,000 डॉलर मिळतील का? अशी पत्रं या हिवाळ्यात बरीच आली.

मिळणार नाहीत. 4 जुलै 2025 च्या कायद्याने फेडरल करकायद्याच्या कलम 25C ची सवलत, म्हणजे हेच क्रेडिट, 31 डिसेंबर 2025 नंतर वापरात आलेल्या यंत्रणेला बंद केली. चेक कधी वटला याला अर्थ नाही. काम पुरं होऊन पंप वापरायोग्य कधी झाला ते पाहतात. ज्यांचा पंप डिसेंबरात चालू झाला आणि फक्त वायरिंगची तपासणी जानेवारीत झाली, त्यांना बाजू मांडता येईल. स्टार्ट-अप शीट (पंप सुरू केल्याचा कॉन्ट्रॅक्टरचा कागद) आणि थर्मोस्टॅटची नोंद घेऊन त्यांनी सीपीएला, म्हणजे कर पाहणाऱ्या अकाउंटंटला, भेटावं.

कॉन्ट्रॅक्टर 30 डिसेंबरची तारीख टाकून इन्व्हॉइस द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिता. तो कागद हातातही घेऊ नका. रिटर्नवरची सही म्हणजे शपथेवरचं विधान असतं, आणि इन्स्पेक्टरच्या नोंदीत जानेवारीच आहे.

आता कॉन्ट्रॅक्ट. त्यात फक्त "अंदाजे 3 ते 6 आठवडे" आहे. मुदत संपणार हे जुलैपासून जाहीर होतं. "31 डिसेंबरपूर्वी चालू करून देईन, नाहीतर क्रेडिटइतकी रक्कम कमी" एवढं एक वाक्य सही करण्याआधी लिहून घ्यायला हवं होतं. तरीही कोटेशनवर क्रेडिट वजा करून किंमत दाखवली असेल, किंवा ईमेलमध्ये डिसेंबरचा शब्द दिला असेल, तर मॅसॅच्युसेट्सच्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली (चॅप्टर 93A) लेखी मागणीपत्र पाठवा. काय सांगितलं होतं, काय घडलं, नुकसान किती, हे त्यात स्पष्ट लिहा. 30 दिवसांत रास्त उत्तर आलं नाही तर स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, मर्यादा 7,000 डॉलर. जाणूनबुजून फसवल्याचं ठरलं तर दुप्पट-तिप्पट भरपाईही मिळू शकते, पण त्यावर विसंबू नका.

नुकसानीचा आकडा मात्र आधी काढा. क्रेडिट होतं खर्चाच्या 30 टक्के, तेही रिबेट वजा करून, कमाल 2,000. शिवाय कराहून जास्तीचं क्रेडिट रोख मिळत नव्हतं आणि पुढच्या वर्षीही नेता येत नव्हतं. 2025 चा तुमचा कर 1,200 निघाला तर नुकसान 1,200 चंच. कोर्टात 2,000 मागून तोंडघशी पडू नका.

मास सेव्ह या राज्यातल्या ऊर्जाबचत योजनेची रिबेट वेगळी आहे, 25C बंद झाल्याने ती बुडत नाही. तिचे दर वर्षागणिक बदलतात. अर्जावर कोणत्या वर्षाच्या अटी आहेत ते वाचा.

तुमच्या फोटोत तेलाची टाकी गेलेली दिसते, पण बाहेरच्या भिंतीवर तेल भरायच्या पाइपाचं तोंड तसंच आहे. तो पाइप याच आठवड्यात काढून घ्या आणि तेलवाल्याची ऑटोमॅटिक डिलिव्हरी लेखी बंद करा. पत्ता चुकलेला ट्रक त्यातून शेकडो लिटर तेल तळघरात ओतून जातो, आणि तेलगळतीचा खर्च घराच्या विम्यात बहुधा बसत नाही.